डावी बाजू

"डावी मोकळी का?"

दादा गाडी चालवताना सारखं हे विचारायचा आणि मी खिडकीतून मान बाहेर काढून सांगायचे, "मोकळी." वळणावर, सिग्नलला, कोणाला मागे टाकताना, प्रत्येक वेळी. मला वाटायचं, जुनी गाडी आहे म्हणून जुनी पद्धत. पूर्वी ट्रकचा क्लीनर दारावर थाप मारून "जाने दो, जाने दो" करायचा, तसंच काहीतरी. आयुष्य शाळेत गणित शिकवण्यात गेलं आणि उतारवयात भावाकडे क्लीनरची नोकरी लागली, असं मी मैत्रिणींना हसून सांगायचे.

मी घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते. रिक्षात बूड टेकायच्या आत मी "भाऊ, सावकाश हां" म्हणते. माजिवड्याला रस्ता ओलांडायचा तर तेहतीस कोटींपैकी निदान अर्ध्यांची नावं घेऊन होतात. अशा बाईला गाड्यांच्या शर्यतीत कोण शेजारी बसवेल? माझ्या भावाने बसवलं, आणि वर म्हणाला, "तुझ्याइतकं अचूक गणित कोणाचं आहे गं?" मी फुशारले. कौतुकाला मी फार लवकर भुलते.

गाडी म्हणजे त्याची फियाट, जवळजवळ माझ्याच वयाची. कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्याने डोंबिवलीला बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये तिचा नट न् नट खोलला, घासला आणि परत बसवला. वहिनी म्हणायची, "माझ्या गुडघ्यांची एवढी सेवा केली असती तर मीच धावले असते शर्यतीत." जुन्या गाड्या बाळगणाऱ्या हौशी लोकांनी ठाण्याहून मुरबाडच्या बाजूला शर्यत ठेवली होती. तीत भरधाव पळायचं नसतं. ठरवून दिलेल्या वेगाने, ठरलेल्या रस्त्याने जायचं. मध्ये कुठेतरी लपून बसलेले पंच वेळ टिपतात आणि लवकर पोचलात तरी गुण जातात, उशिरा पोचलात तरी जातात. एकाने चालवायचं, दुसऱ्याने कागद वाचायचा आणि घड्याळ बघायचं. दादाला ही शर्यत एकदा तरी पुरी करायची होती. त्या गाडीपायी त्याने बाकी सगळं सोडलं होतं, मित्र, सहली, सकाळचं फिरणंसुद्धा. आणि मला एकच भीती होती, की आमच्या हातून कोणीतरी मरेल. का वाटायचं ते सांगता येत नव्हतं, पण दर रविवारी सरावाला निघताना तेच डोक्यात असायचं.

एका रविवारी मुरबाड रोडवर ती भीती खरी ठरायची वेळ आली. मी घड्याळात डोकं घालून हिशेब करत होते. डावीकडे वळायचं होतं. दादाने विचारलं, "डावी मोकळी का?" मी म्हणाले, "हं." माझा हं म्हणजे थांब, बघते. त्याने तो मोकळीचा हं धरला.

डावीकडून सायकलवर दूधवाला येत होता, हँडलला दोन्हीकडे कॅन. मी मान वर केली तेव्हा तो माझ्या खिडकीला जवळजवळ चिकटलेला होता. मी जी किंचाळले! दादाने ब्रेक मारला तोवर सायकल आडवी पडली होती आणि माणूस गटाराच्या कडेला बसला होता.

"काय झालं?" दादाने विचारलं, सरळ समोर बघत.

देवाची कृपा, दूधवाल्याला खरचटण्यापलीकडे काही लागलं नाही. दूध मात्र सगळं सांडलं. "आंधळा आहेस काय रे?" तो ओरडला. एरवी दादाने एकाच्या चार ऐकवल्या असत्या. त्या दिवशी तो हात जोडून उभा राहिला, त्याला दुधाचे पैसे दिले, सायकल सरळ करून दिली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, लाज वाटली असेल.

दुपारी जेवायला त्याच्याकडेच थांबले. वहिनी वाढता वाढता कुरकुरत होती, "यांचं काय चाललंय कळत नाही. हल्ली डावी बाजू खातच नाहीत. चटणी, कोशिंबीर, लोणचं, सगळं तसंच परत येतं. पूर्वी चटणीशिवाय पान हलायचं नाही."

मी दादाच्या ताटाकडे बघितलं. उजवीकडची भाजी चाटूनपुसून साफ. मधल्या भाताचीसुद्धा उजवी बाजू खाल्लेली, डावी तशीच. आणि ताटाच्या डाव्या कडेला चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड, कशाला म्हणजे कशाला हात लागला नव्हता.

तेवढ्यात दारावर कोणीतरी आलं म्हणून तो उठला. मी काय केलं कोण जाणे, पण त्याचं ताट धरलं आणि अर्धं फिरवून ठेवलं. वहिनी माझ्याकडे बघतच राहिली.

दादा येऊन बसला. "अरे वा!" तो म्हणाला. "चटणी केलीस? मग मघाशी का नाही वाढलीस?"

वहिनी हसायला लागली. मला हसू आलं नाही.

मी त्याला खाली पार्किंगमध्ये घेऊन गेले. समोर उभी राहिले आणि म्हटलं, "माझ्या नाकाकडे बघ. मान हलवायची नाही." त्याच्या उजवीकडे बोटं धरली, त्याने बरोबर सांगितली. मग डावीकडे धरली. मी बोटं हलवत राहिले आणि तो माझ्या नाकाकडे बघत राहिला.

"माहितीये मला," शेवटी तो म्हणाला.

"कधीपासून?"

"गणपतीच्या आधी. सकाळी उठलो, डोकं जड होतं. मग दाराची चौकट लागायला लागली खांद्याला. वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल."

"डॉक्टरकडे का नाही गेलास?"

"गेलो असतो तर चावी काढून घेतली असती हातातून. हात दाखवून अवलक्षण कोण करील?"

"आणि म्हणून मला बसवलंस? माझं गणित वगैरे..."

"गणित आहेच गं चांगलं," तो खाली बघत म्हणाला. "पण तू ओरडतेसही वेळेवर."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. वॉचमन उठून बाहेर जाऊन उभा राहिला. "अरे, तो माणूस मेला असता! त्याच्या बायकोला काय सांगणार होतास, माझ्या बहिणीने हं केलं म्हणून?" माझा आवाज फाटला आणि मला रडू यायला लागलं. दादाने गाडीच्या टपावर हात ठेवला होता.

डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं ते असं की डोळे दोन्ही ठणठणीत आहेत. मेंदूत मागच्या बाजूला कधीतरी बारीकशी गुठळी होऊन गेली आहे आणि डाव्या बाजूचं चित्र तिथे उमटतच नाही. थोडे दिवस आधी आला असतात तर, असं काहीतरी ते बोलायला लागले आणि वहिनीकडे बघून थांबले. औषधं सुरू झाली. गाडी चालवायची नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

तरी शर्यत जवळ आली तसा दादा माझ्या मागे लागला. "एकदाच. तू आहेस ना डावीकडे. सावकाश तर जायचंय." लहान पोरासारखा अजिजी करत होता. खोटं कशाला बोलू, माझं मन क्षणभर डळमळलंही. मग सायकलवरून पडलेला तो माणूस आठवला.

"गाडी जाईल," मी म्हटलं. "मी चालवते."

तो इतका हसला की वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली. मला गाडी येते, पण माझी ती छोटी, ठाण्यातल्या ठाण्यात भाजी आणायची. फियाटचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आणि क्लच असा की पाऊल दुखायला लागतं. विठ्ठलवाडीला एका ओळखीच्या गॅरेजमागे मोकळी जागा होती, तिथे त्याने मला शिकवलं. शिकवलं कसलं, माझा जीव खाल्ला. "अगं ए, तो गिअर आहे, पोळपाट-लाटणं नाही!" गाडी बंद पडली की तो डोक्याला हात लावायचा आणि मी म्हणायचे, "मग बस जा घरी." सोडून मात्र दोघांनीही दिलं नाही.

शर्यतीची सकाळ उजाडली. आम्ही रांगेत उभे होतो. पुढे एक चकचकीत मोठी गाडी, तिच्यातला माणूस टोपी घालून मजेत फोटो काढून घेत होता. दादा माझ्या जागेवर बसला होता, मांडीवर रस्त्याचा कागद. ओळींच्या सुरुवातीचे शब्द त्याच्याकडून सुटायचे म्हणून वहिनीने कागदाच्या डाव्या कडेला तांबडी रेघ ओढून दिली होती. रेघ दिसेपर्यंत मान वळवायची, मग वाचायचं.

तळवे ओढणीला पुसून झाले, परत ओले. चढावर बंद पडली तर? मागचा येऊन आदळला तर? शेजारी बघितलं तर दादा कागद सोडून माझ्याकडेच बघत होता.

"काय बघतोयस? कागद बघ."

"तू घाबरलीस की जीभ दातात धरतेस," तो म्हणाला.

"धरते. लहानपणापासून धरते. तुला आत्ता कळतंय?"

"सरावाच्या वेळी पण धरायचीस?"

"मग काय! घरी पोचेपर्यंत जीव मुठीत असायचा माझा. रविवार उजाडला की रडू यायचं."

पुढची मोठी गाडी सुटली. झेंडेवाल्याने आम्हाला पुढे यायची खूण केली. दादा अजून माझ्याकडेच बघत होता.

"तू डावीकडे बसायचीस ना," तो म्हणाला. "गाडीत तू मला दिसलीच नाहीस गं कधी. नुसता आवाज यायचा, मोकळी, मोकळी. मला वाटायचं, तुला मजा येतेय."

झेंडा पडला. मागच्याने हॉर्न दिला, परत दिला, आणि माझ्या डोळ्यांत इतकं पाणी आलेलं की मला पहिला गिअर सापडेना.