झाडातलं लपवलेलं पान

आमच्या स्टुडिओत फाइल सेव्ह करायची राहून जाते, किस्सा मात्र आपोआप सेव्ह होतो! चहा येईपर्यंत एक आठवतो, कप खाली ठेवेपर्यंत त्याला दुसरा चिकटलेला असतो.

स्टुडिओ म्हणजे लातूरच्या ट्यूशन एरियाच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या. मालक बालाजी सर. आधी लग्नाचे फोटो काढायचे, आता ॲनिमेशनच्या मागे लागलेत. उदगीरची सुमय्या सॉफ्टवेअरमध्ये आमच्यात सगळ्यात तरबेज. आणि मी, नांदेडला इंजिनियरिंग करून आलेला. पुण्याला न जाता इथेच बसून जगात कुठेही दाखवता येईल असं काम करायचं, हा माझा हट्ट.

काम असं. एक वस्तू बनवायची: पाकळी, खुर्ची, पान, काहीही. मग सॉफ्टवेअरमधल्या क्लोनरला सांगायचं, हिच्या हजार प्रती कर. तो करतो. खरी गंमत पुढे आहे. त्या हजारांतल्या कोणत्या दिसू द्यायच्या आणि कोणत्या लपवायच्या?

हे सगळे किस्से त्या एकाच प्रश्नाचे. त्यातला एक निलंग्याकडच्या पल्लवीचा. तिला स्वतःच्या लग्नात पडद्यावर काकांचा चेहरा हवा होता, आणि वडिलांना तो नको होता. तिचं काम लग्नसराईभर आमच्याकडे चालू होतं, मधे बाकीचे येऊन गेले.

*

बालाजी सरांनी एकदा स्वतः हजार पाकळ्या केल्या. पडदा गुलाबी झाला. मग व्हिजिबिलिटीची टिक काढत काढत त्यांनी बहुतेक पाकळ्या लपवल्या. थोड्याच उरल्या, तरी कॉम्प्युटर धापा टाकतोय!

"सुमय्या, बाकीच्या गेल्या कुठं?"

"कुठंच न्हाई गेल्या सर. तिथंच हायेत. दिसत न्हाईत एवढंच."

"मग मशीन कामून गरम व्हायलंय?"

"त्यांचा पण हिशेब ठेवावा लागतो ना त्याला. कुठं उभ्या, कुठं वळल्या."

सरांनी त्या मोकळ्या पडद्याकडे बोट केलं. मग म्हणाले, "म्हंजी तोंड दाखवायचं न्हाई, अन् जेवायला मात्र पंगतीत!"

*

हिमायतनगरचे एक बियाणेवाले सोयाबीनची जाहिरात करून घ्यायला आले. मी जीव ओतला. एक रोप बनवलं, त्याचं अख्खं शिवार केलं. पण रांगा फारच सरळ दिसायला लागल्या, जणू शाळेची कवायत. म्हणून मधली काही रोपं अधूनमधून लपवली. निसर्गात असं कुठे मोजूनमापून असतं? शिवार एकदम जिवंत झालं! मी खुशीत त्यांना पडद्यासमोर बसवलं.

त्यांचा चेहरा उतरत गेला.

"साहेब, आपलं काही वाकडं हाय का?"

"का हो?"

"मग एवढी तूट कामून दाखवायलाव? ह्ये बघा, हितं उगवलं न्हाई. हितं बी न्हाई. लोक म्हणतील बी बोगस हाय, दुबार पेरणी करा!"

कलेवरचं माझं भाषण तयार होतं. ते गिळलं आणि सगळी रोपं परत दिसू दिली.

*

मग एका क्लासची जाहिरात. भिंतभर गुणवंतांचे फोटो, त्यावरून उजेडाची एक लाट जाते. लाट जिथे असेल तेवढेच चेहरे दिसतात, बाकीचे लपतात. बघायला फार सुंदर!

जाहिरात सुरू झाली आणि जळकोटचे एक वडील पोराला घेऊन थेट जिना चढून आले.

"साहेब, पोरगं दिसलं. पण म्या चष्मा लावूस्तोवर गेलं!"

मला वाईट वाटलं. दोन वर्षं खोली करून राहिलेला पोरगा, आणि आम्ही त्याला पापणी लवेपर्यंत दाखवायचा? मी लाट संथ केली. प्रत्येक चेहरा निवांत बघता येईल एवढी.

आठवड्याने क्लासच्या सरांचा फोन आला. "अहो इंजिनियर, तुमची जाहिरात संपूस्तोवर लोक दुसऱ्या क्लासला ॲडमिशन घ्यायलेत!"

*

नांदेडहून एक भावी नगरसेवक आले. सभेचं ड्रोनने केलेलं शूटिंग होतं, मैदान अर्धं रिकामं. तिथे गर्दी हवी होती. "तुमच्याकडं एका माणसाचे हजार होतात म्हणं?"

बालाजी सर हो म्हणण्याआधी मी सुरू झालो. लोकशाही, मतदारांचा विश्वास, खोट्या गर्दीचं खोटं राज्य... सरांनी टेबलाखालून माझा पाय दाबला, तरी मी थांबलो नाही.

नगरसेवकांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "पटलं तुमचं. खोटी माणसं नगंच." मी चकित! मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "असं करा, खऱ्यातले ह्ये जे उठून चाललेत, तेवढे लपवा!"

"अहो, ते क्लोन नाहीत. खरी माणसं आहेत ती. त्यांना बंद करायचं बटण नसतं!"

"तेच तर आमचं दुखणं हाय," ते म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

*

आता पल्लवी.

तिचे वडील, आप्पा, तिला घेऊन स्टुडिओत आले. कार्यालयात एलईडी लावायचा होता, त्यावर घराण्याचं झाड. एकेक पान उघडेल आणि त्यात घरातला एकेक चेहरा दिसेल. आप्पांनी फोटोंचं पाकीट दिलं. थोरले आधी, धाकटे नंतर. आजोबा, आजी, मग स्वतः आप्पा.

पल्लवीने मोबाइल पुढे केला. "काकांचा राहिला."

"राहिला न्हाई. मुद्दाम ठेवला," आप्पा म्हणाले.

काका म्हणजे आप्पांचे सख्खे धाकटे भाऊ. ग्रामपंचायतीला ते समोरच्या पॅनलमधून उभे राहिले, तेव्हापासून बोलणं बंद, जाणं-येणं बंद. लग्नाची पत्रिकासुद्धा दिलेली नव्हती.

"आप्पा, दहावीला मला रोज निलंग्याला गाडीवर कोण सोडत होतं?"

"सोडलं असंल. माझ्या इरुद्ध कोण उभं राहिलं?"

"मग काकांशिवाय मला झाडच नको."

"नगं तर नगं!"

दोघंही उठले. बालाजी सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. तेवढ्यात सुमय्या मान वर न करता म्हणाली, "पान ठेवू. टिक काढू. झाडात असतील, दिसणार न्हाईत."

"दिसणार न्हाई ना?" आप्पांनी विचारलं.

"न्हाई."

"पण असतील ना?" पल्लवीने विचारलं.

"हाव."

समाधान कुणाचंच झालं नाही, पण दोघंही बसले.

ते गेल्यावर मी सुमय्यावर चिडलो. "हा काय न्याय झाला?"

"मला न्याय न्हाई येत. मला क्लोनर येतो," ती म्हणाली आणि कामाला लागली. आप्पांच्या नंतर काकांचा फोटो घातला, म्हणजे काकांचं पान चौथं. ते लपवलं. "याला काका-बिका काही कळत न्हाई. हा पानांचे नंबर ओळखतो. चार नंबर लपव म्हटलं की चौथं पान लपवणार, मग त्यात कुणी का असंना."

"आणि फोटोंचा क्रम बदलला तर?"

"तर चौथ्या जागेवर जो येईल तो जाईल. म्हणून क्रमाला हात लावायचा न्हाई."

लग्नापर्यंत पल्लवीचा मला अधूनमधून मेसेज यायचा. "काका आहेत ना अजून?" मी फाइल उघडायचो, यादीत काकांचं नाव बघायचो आणि कळवायचो, "आहेत." न दिसणाऱ्या माणसाची एवढी हजेरी मी आयुष्यात कुणाची घेतली नव्हती!

*

लग्नाच्या दिवशी सकाळीच आप्पांचा स्टुडिओत फोन. थोरल्या लेकीच्या तान्ह्या बाळाचा फोटो राहिला होता. "नातू हाय माझा. पहिलं पान त्याचंच पाहिजे!"

सुमय्याने बाळाचा फोटो घातला, नवी फिल्म काढली, पेन ड्राइव्ह माझ्या हातात दिला. मी धावत जाऊन निलंग्याची एसटी पकडली. फिल्म बघायला वेळच मिळाला नाही.

कार्यालय भरलेलं. पल्लवी मुंडावळ्या बांधून स्टेजवर. मी फिल्म सुरू केली. पहिलं पान उघडलं, बाळ! बायकांमध्ये एकच कौतुक. मग आजोबा. मग आजी. मग एक मोकळा देठ, त्यावर काहीच नाही. आणि त्याच्या पुढच्या पानात, मिशीला पीळ देऊन हसणारे काका!

पुढच्या खुर्चीवरची एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "आप्पा, तुमी कुठं गेलाव?"

मी सुमय्याला फोन लावला. "अगं, काय केलंस?"

"तुझ्यासमोरच तर केलं. एक पान वाढवलं. बाकी कशाला हात लावला न्हाई," ती म्हणाली. मुद्दाम केलं की चुकून झालं, आवाजावरून काही म्हणजे काही कळेना.

आप्पा माझ्या टेबलाजवळ येऊन उभे राहिले. "माझा फोटो?"

"आप्पा, आहे... म्हणजे आहे, पण दिसत नाही. नंबर सरकलेत. पंधरा मिनिटं द्या, दुरुस्त फिल्म मागवतो. तुम्ही दिसाल, ते जातील."

ते माझ्याकडे बघतच नव्हते. स्टेजवर पल्लवी पडद्याकडे तोंड करून उभी होती. हसत होती आणि मुंडावळ्या सावरत डोळे पुसत होती.

"थांब जरा," आप्पा म्हणाले. खिशातून मोबाइल काढून त्यांनी नंबर शोधला आणि कानाला लावला. बराच वेळ पलीकडे रिंग वाजत असावी.

"हां. म्या बोलतोय... कुठं हायस?... हितं झाडावर तुझा फोटो लागलाय. माझा न्हाई लागला... आरं खरंच! बघायला ये. अन् कपडे बदलत बसू नगं, अक्षता पडायच्यात."