आक्काची मूठ

आक्का नाव नंतर विचारायची, आधी हात मागायची. "हात बघू," म्हणायची, आणि तुम्ही हो म्हणायच्या आत तुमचं मनगट तिच्या ताब्यात गेलेलं असायचं.

कसबा बावड्यात उसाच्या फडाला लागून महेश नावाच्या एकानं पत्र्याची शेड मारून पिकलबॉलची, म्हणजे टेनिससारख्याच पण लहान मैदानावर पॅडलनं खेळायच्या खेळाची, दोन कोर्टं केली आहेत; त्या शेडला आम्ही हॉल म्हणतो. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून मी पहिल्यांदा तिथं गेले, तेव्हा दारातच प्लास्टिकच्या खुर्चीवर साठीची एक उंच, दणकट बाई बसली होती. पंजाबी ड्रेस, वर ट्रॅकसूटचं जॅकेट, पायात पांढरे बूट आणि कपाळावर ठसठशीत कुंकू. "पावणं, नवीन दिसताय. हात बघू." मी आपला तळवा वर करून पुढं केला. ती खो खो हसली. "भविष्य सांगणारी वाटलो व्हय मी तुला? पॅडल धर की!"

मी महेशनं दिलेलं पॅडल धरलं. तिनं माझ्या बोटांची टोकं आणि तळवा यांच्या मधे स्वतःचं एक बोट सरकवून बघितलं. ते जाईना. "दांडा बारीक हाय तुला. नखं तळव्यात रुतालीत. असंच खेळलीस तर आठवड्यात कोपर धरून बसशील." बोलता बोलता तिनं पिशवीतून ग्रिपची पट्टी काढली, तिचं एक टोक दातात धरलं आणि माझा दांडा खालून वर गुंडाळायला घेतला. "पातळ नेसवल्यासारखं गुंडाळायचं. ताण सगळीकडं सारखा पायजे. चुणी पडली की बोटाला फोड आलाच." मग बोट पुन्हा घालून बघितलं. ते बरोब्बर बसलं. तेव्हा कुठं तिनं मान वर करून माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं. "अगं, तू वारणानगरच्या गाडीला असायचीस की! वाठारच्या फाट्याला झोपायचीस, ते मीच उठवायचो तुला."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. मी वारणानगरच्या कॉलेजात ग्रंथपाल, आणि ही विमल चौगुले, एसटीची कंडक्टर. या बाईच्या आवाजानं मी कितीतरी वर्षं दचकून जागी झाले होते. आता निवृत्त झाली होती, पण आवाज काही निवृत्त झाला नव्हता. सगळा बावडा तिला आक्का म्हणायचा. मीही म्हणायला लागले आणि ती मला उजे म्हणायला लागली. उज्ज्वला म्हणायला तिला वेळ नव्हता.

ग्रिप हा तिचा जीव की प्राण. आमच्यातले निम्मे लोक पॅडलच्या रंगाकडं बघून खरेदी करायचे. आक्का म्हणायची, "तोंडाकडं काय बघतासा? संसार दांड्याशी करायचाय." कुणाची ग्रिप घामानं गुळगुळीत झाली की ती पॅडल सरळ नाकाला लावायची. "ह्याला वास याला लागलाय. बदल." "आक्का, अजून चालतीय की," असं कुणी म्हटलं की संपलं! "मोजं पण चालत्यात की मग. धुऊ नगंस."

आणि दुसरं, घट्ट धरणाऱ्याचा तिला भारी राग. नवीन माणूस पॅडल आवळून धरतोच, मीही धरायची. "उजे, गाडीत नवं पावणं वरचा दांडा आवळून धरतंय. ब्रेक बसला की त्याचा खांदा हिसकतोय. रोजचा गडी सैल धरतोय आणि नुसता डोलतोय. दांडा बसल इतका जाड पायजे, आणि हात सैल. दांडा बारीक असला की माणूस आवळतंच." ती स्वतः नेटजवळ आली की चेंडू असा अलगद पलीकडं टाकायची की समोरचा नुसता बघत राहायचा. एवढी धिप्पाड बाई आणि हात असा मऊ! मला फार हेवा वाटायचा तिचा.

मग एका संध्याकाळी तिच्या हातातून पॅडल सुटलं. सुटलं म्हणजे काय, उडालं, आणि समोर खेळणाऱ्या डॉक्टर शबाना मुजावरांच्या गुडघ्यावर जाऊन बसलं. शबानाताई हाडांच्या डॉक्टर. स्वतःचा गुडघा चोळत त्या नेट ओलांडून आल्या ते आक्काचा हात बघायला. बोटांचे सांधे सुजले होते. रक्त तपासलं आणि संधिवात निघाला. शबानाताईंनी आडपडदा ठेवला नाही. "आक्का, गोळ्यांनी दुखणं कमी होईल. पण मूठ पहिल्यासारखी मिटेलच असं मी सांगणार नाही. दांडा जाड केलात तर धरायला सोपं जाईल. आणि खेळ मात्र कमी करायचा."

आक्कानं त्यातलं दांड्याचं तेवढं ऐकलं. "मिटत न्हाय तर न्हाय. मूठ लहान हुईना तर दांडा मोठा करू!"

इथून जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. आधी मूळच्या ग्रिपवर एक पट्टी चढली, मग दुसरी, मग तिसरी. मग क्रेप बँडेज. मग सायकलच्या मुठीचं रबर कापून चढवलं. त्या रबरानं मनगट असं आखडलं की तिचा प्रत्येक चेंडू शेडबाहेर उसात. आम्ही वाकून वाकून चेंडू शोधतोय आणि ही कोर्टावरनं ओरडतेय, "बॉलच खोटा हाय!" मी एकदा म्हटलं, "आक्का, तुझ्या खाकी वर्दीची पट्टी फाडून गुंडाळूया का? सुती आहे, घाम टिपेल." तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला पळून जावंसं वाटलं. "वर्दी काय पोतेरं हाय व्हय गं? इस्त्री करून ठेवलीय मी ती." शेवटी रबर गेलं, खाली मऊ फोमची पट्टी आली, वर दोन ग्रिपा, आणि दांडा झाला मुसळाएवढा. पण चेंडू पुन्हा कोर्टात पडायला लागला.

घरून विरोध होताच. तिचा मुलगा संदीप तसा गुणाचा. पण एकदा हॉलवर येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, "आई, आता पुरे. बोटं बघ जरा. भजनी मंडळात जा, चार बायकांत बस." आक्का शांतपणे ग्रिप गुंडाळत होती. "संद्या, उभा जन्म गाडीत उभं ऱ्हाऊन काढला. तवा न्हाय म्हणालास कधी, आई बस म्हणून. आता मला पायजे तितं उभी हाय, तर बसवालाईस?" महेशनंही एकदा चाचरत सुचवलं की आक्कांनी दुपारी खेळावं, गर्दी नसते, कुणाला लागायची भीती नाही. "दुपारी कुणासंगं खेळू? खांबासंगं?" एवढं बोलून ती ठरल्या वेळी, म्हणजे ऐन गर्दीत, कोर्टावर उतरली.

त्या पावसाळ्यात तिनं मला न विचारता आमच्या दोघींची जोडी ज्येष्ठ महिलांच्या स्पर्धेत घातली. समोरच्या जोडीतल्या एका बाईंनी आक्काचं पॅडल बघितलं आणि पंचांना हाक मारली. म्हणे, हे असलं पॅडल नियमात बसतं का? पंचांनी ते उलटंपालटं केलं, लांबी-रुंदी मापली, नियम वाचले आणि सांगितलं की पॅडलच्या मापाला मर्यादा आहे, ग्रिपच्या जाडीला नाही. ग्रिप ज्यानं त्यानं आपल्या हाताप्रमाणं करावी. आक्काचा चेहरा असा खुलला जणू सामनाच जिंकला. "ऐकलंसा न्हवं? दांडा जाड चालतोय. डोस्कं जाड असलं तर मात्र इलाज न्हाय!" पंचांनी तिला ताकीद दिली. तिनं ती हसतमुखानं घेतली.

सामना आम्ही हरलो, तोही सपाटून. दुसऱ्या गेममध्ये तर ती दोन्ही हातांनी पॅडल धरत होती. परतताना रिक्षात तिनं आपला उजवा हात माझ्या मांडीवर ठेवला, एखादी परक्याची वस्तू ठेवावी तसा. "उजे, अंगठा ऐकंना झालाय माझा. मघाशी धरलंय का सुटलंय, तेच कळंना." मी तिला घाबरलेलं तेवढं एकदाच बघितलं. मी नुसता तो हात धरून बसले, आणि खरं सांगते, मला त्या हाताचा राग आला. असल्या बाईला सोडून जायचं म्हणजे काय!

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. आपल्याकडं त्या दिवशी घरोघर हत्यारं पूजतात. शेतकरी विळा-कोयता मांडतो, गॅरेजवाला पाने मांडतो. आमच्या हॉलवर आक्कानं पॅडलांची पूजा सुरू केली होती. जुनी ग्रिप उतरवायची, दांडा पुसायचा, नवी चढवायची आणि मग हळद-कुंकू. सगळ्यांच्या ग्रिपा तीच गुंडाळायची. त्या वर्षी आम्ही पॅडलं घेऊन गेलो, पण ती पाटावर नुसती बसून होती. उजवा हात मांडीवर पडलेला. संदीपही आला होता, तिला घरी न्यायला. मला वाटलं, झालं, आज ही पॅडल ठेवणार.

"उजे, हिकडं ये," ती म्हणाली. "माझी ग्रिप तू गुंडाळ. आणि उलट्या बाजूनं गुंडाळ."

ग्रिप गुंडाळताना पट्टीवर पट्टी चढत जाते. उजव्या हातानं खेळणाऱ्याची एका दिशेनं गुंडाळतात, डावखुऱ्याची बरोबर उलट, नाहीतर पट्टीची कड हाताला लागून उचकटते. उलटी गुंडाळ, म्हणजे ती आता डाव्या हातानं खेळणार होती. साठी उलटल्यावर, डाव्या हातानं! मी आधी ते मुसळ सोडलं. फोम काढला, खालच्या पट्ट्या काढल्या. डाव्या हाताची बोटं अजून बरी मिटत होती. तिनं पॅडल डाव्या हातात धरलं, मी माझं बोट घालून बघितलं. मग एकच पट्टी घेतली आणि उलटी गुंडाळली. तिनं दोनदा चुणी काढायला लावली, दोनदा सोडून पुन्हा गुंडाळायला लावली. हात गेला होता, जीभ शाबूत होती.

मग तिनं डाव्या हाताच्या बोटानं कुंकू घेतलं. संदीप चटकन पुढं झाला. "आई, डाव्या हातानं नको. पूजा आहे ही. मी लावतो."

"थांब," आक्का म्हणाली. तिचा तो जुना, सगळी गाडी जागी करणारा आवाज. "अंबाबाईला हात किती?"

"चार," संदीप म्हणाला.

"त्यातलं डावं किती?"

"दोन."

"आणि वरच्या डाव्या हातात काय हाय तिच्या? भाजीची पिशवी हाय व्हय? ढाल हाय, ढाल! तिला चालतंय डावं, आणि तुला चालंना?" आणि तिनं डाव्या बोटानं दांड्यावर असं कुंकू ओढलं की निम्मं माझ्या साडीवर सांडलं. शबानाताईंनी आपलं पॅडल तिच्यापुढं सरकवलं. "आक्का, माझ्यावरही त्याच हातानं लावा." मग आम्ही सगळ्यांनीच सरकवली. संदीप तबक धरून तिच्या शेजारी खाली बसला.

दसऱ्याच्या सकाळी तिनं डाव्या हातानं पहिली सर्व्ह केली. ती नेटमध्ये गेली. दुसरी छताला लागली. तिसरी महेशच्या पाठीत. हिवाळाभर ती हरत राहिली. माझ्याकडून, शबानाताईंकडून, अगदी काल-परवा आलेल्यांकडून. कुणी दया दाखवून चेंडू सोपा टाकला की ती खेळ थांबवायची. "मी काय आंधळी न्हाय. नीट खेळ, न्हायतर घरला जा." मीही मग नीट खेळायची. मला तिची भीतीच होती तशी.

फाल्गुनात एके दिवशी आम्ही दोघी अर्ध्या कोर्टावर एकेरी खेळत होतो. मी आठ-पाचनं पुढं होते. तिथून तिनं एकेक चेंडू नेटपलीकडं असा टाकायला सुरुवात केली की माझे पाय जागचे हलेनात. तो मऊ हात होता, तिचाच, फक्त दुसऱ्या बाजूचा. मी जीव तोडून धावले, ओरडले, एक गुण हुज्जत घालूनही मिळवला. शेवटचा चेंडू माझ्या पायाशी मेला, तेव्हा ती नाचली नाही की ओरडली नाही. नेटजवळ आली आणि म्हणाली, "तुझी ग्रिप गुळगुळीत झालीय गं. बदल."

चैत्रात आक्का गेली. हृदयविकारानं, झोपेत. महेशनं हॉलवरच शोकसभा ठेवली. खेळाच्या संघटनेचे कुणी एक गृहस्थ बोलायला उभे राहिले. आवाज जड करून म्हणाले की आक्का अत्यंत सोशिक होत्या, अखेर हातानं दगा दिला आणि त्यांना खेळापुढं हार मानावी लागली. सोशिक! आक्का! मी तोपर्यंत रडत होते, पण ते ऐकलं आणि माझं टाळकं सरकलं. अध्यक्षांची परवानगी वगैरे घ्यायची असते, ते मला ठाऊक आहे. मी उभी राहिले.

"अहो, कुणी मानली हार?" मी म्हटलं. "हरले ती मी. गेल्याच महिन्यात, याच कोर्टावर, अकरा-नऊ. आणि मी सोडलेला नव्हता सामना. तिनं घेतला. डाव्या हातानं."