नावापुढचा आर

त्या जहाजाने सगळ्या आयुष्यात एकच लढाई पाहिली, तीही लांबून. हे मला उशिरा कळलं. तोवर विषय मंजूर होऊन गेला होता.

मी बाहेरून बी.ए. करत होतो. घरात कॉलेजचं नाव काढणारा पहिलाच, त्यामुळे इतिहासाच्या प्रकल्पाला काय विषय घ्यावा हे विचारायला कोणी नव्हतं. मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेलं, दोन डोलकाठ्यांचं एक छोटं इंग्रजी लढाऊ जहाज मी निवडलं. ते पुढे आखातात आलं होतं आणि मीही आखातात होतो, एवढंच कारण. दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात एका कंत्राटदाराकडे मी टाइमकीपर होतो. पहाटे बसच्या दारात उभं राहून मस्टर भरायचं, साइटवर आठ वाजता पुन्हा डोकी मोजायची. वर्ल्ड कपला अजून काही वर्षं होती, पण रस्त्यावरचे फलक वाचले की तो पुढच्याच आठवड्यात आहे असं वाटे.

जहाजाची जुनी कागदपत्रं एका ग्रंथालयाच्या वेबसाइटवर होती. मी ती फोनवर मोठी करून वाचत असे. तोफा, पाठलाग असं काही सापडेल म्हणून वाचायला बसलो. सापडलं ते असं: शीड फाटलं. पाणी संपत आलं. मोत्यांच्या उथळ पट्ट्यावर समुद्राची खोली मोजली. वारा नाही म्हणून नांगर टाकून बसलो. कालही बसलो होतो. किनारा समोर दिसायचा, पण खलाशांना उतरायची परवानगी नसायची. जहाजाची सगळी नोकरी अशीच. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर ओळखीचं वाटलं. माझा पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात होता. देशाबाहेर जायला तेव्हा कंपनीचं एक्झिट परमिट लागायचं, आणि शेवटच्या वर्षाच्या परीक्षेसाठी मी केलेला अर्ज महिनाभर साहेबांच्या टेबलावर पडून होता. विचारलं की ते म्हणत, "इन्शाल्ला."

लेबर कॅम्पमधल्या खोलीत माझ्या खालच्या बंकवर देवगडकडचे एक शटरिंग सुतार होते, काँक्रीटसाठी फळ्यांचे साचे बांधणारे. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांचे आजोबा होड्या बांधायचे, म्हणून माझ्या जहाजात त्यांना रस. एका शुक्रवारी मी त्यांना लिहिलेलं वाचून दाखवलं. जहाजावरही मस्टर होतं. हजर नसलेल्यांच्या नावापुढे खुणेची अक्षरं होती, आणि पुष्कळ नावांपुढे आर होता. आर म्हणजे 'रिटर्न्ड' असं धरून मी एक छान परिच्छेद लिहिला होता, की या उजाड किनाऱ्यावरून कितीतरी खलाशी आपापल्या घरी परतले.

काकांनी दाढी करता करता आरसा खाली केला. "परत गेले? खंयच्या बोटीन?"

"म्हणजे?"

"तेंची बोट हीच ना? ती तर हंयच बसली हा. मगे हे गेले कशान, पोहत?"

मी कागदांच्या सुरुवातीला जाऊन खुणांचा अर्थ पाहिला. आर म्हणजे 'रन'. सलग तीन हजेऱ्यांना जो नव्हता, तो पळाला असं धरायचं.

काका पोट धरून हसले. "पळाले म्हण की सरळ! इतक्या शिकलंस आणि ह्या कळला नाय तुका? टाइमकीपर ना रे तू?"

मी परिच्छेद खोडला.

दोन आठवड्यांनी काका पहाटे बसला आले नाहीत. आदल्या दिवशीच ते अंगात कणकण घेऊन काम करत होते. कॅम्पच्या क्लिनिकने एक गोळी देऊन परत पाठवलं होतं. साडेसहाला त्यांचा फोन आला. "माका ताप इलोहा. अल मुंतझाला भाच्याकडे असंय. दोन दिवस सांभाळून घे." न सांगता कॅम्प सोडून असं शहरात राहणं नियमाविरुद्ध होतं. मी "बरं" म्हणालो आणि त्यांच्या रकान्यात गैरहजेरी लिहिली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी साहेबांनी मस्टर पुढे ओढलं.

"तीन दिन हो गया. अॅबस्कॉन्डिंग डाल, खलास."

अॅबस्कॉन्डिंग म्हणजे कामावरून पळाला. एकदा तसा रिपोर्ट गेला की माणूस पकडला जातो, घरी पाठवला जातो आणि पुन्हा येऊ शकत नाही. मी म्हणायला हवं होतं की त्यांचा फोन आला होता. साहेबांच्या हातात माझा एक्झिटचा अर्ज होता. "आज मंदूब जा रहा है," ते म्हणाले. मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस. "दोनों कागज साथ में भेजता हूँ. यल्ला, साइन कर."

मी सही केली. हे वाक्य प्रकल्पापेक्षा जास्त वेळा लिहून खोडलं आहे.

सहीनंतर तिसऱ्या दिवशी माझं परमिट मंजूर होऊन साहेबांच्या टेबलावर आलं. गुरुवारचं विमान होतं. मंगळवारी मी प्रकल्पाची शेवटची पानं तपासत होतो, तेव्हा मस्टरमधला एक खोडलेला आर दिसला. आधीही दिसला असेल, पण मला तो कारकुनाची चूक वाटला होता. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं: आर काढला, हा माणूस किनाऱ्यावरच्या इस्पितळात होता. खाली कारकुनाची सही.

त्याच दुपारी काका गेटवर आले. हातात हेल्थ सेंटरचा कागद होता, गालफडं बसली होती. यादीत नाव नाही म्हणून वॉचमन त्यांना आत सोडेना. मी साहेबांकडे गेलो.

"रिपोर्ट वापस हो सकता है," ते म्हणाले, "अगर कोई लिखके दे कि कंपनी को मालूम था. किसको मालूम था?"

"मुझे."

"तो सही क्यों किया?"

मी टेबलाच्या कोपऱ्यावरच इंग्रजीत अर्ज लिहिला: पहिल्याच दिवशी साडेसहाला यांचा फोन आला होता, ते मी लपवलं, चूक माझी. एवढं सलग इंग्रजी मी आधी कधी लिहिलं नव्हतं. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि माझं परमिट ड्रॉवरमध्ये टाकलं. "ये सेटल होने तक तू कहीं नहीं जाएगा."

सेटल व्हायला नऊ दिवस लागले. रिपोर्ट मागे घेतला. विमान गेलं होतं आणि परमिटची मुदतही संपली होती.

काका कामावर आले, पण माझ्याशी बोलेनात. खालच्या बंकवर भिंतीकडे तोंड करून निजत. एकदा मी चहा नेऊन ठेवला, तर म्हणाले, "सही तुझीच होती ना?"

"होय."

"मगे झाला तर." चहा तसाच राहिला.

पहिल्या पेपरच्या दिवशी मी साइटवर आठची मोजणी करत होतो. काका फळ्यांवर उकिडवे बसून खिळे उपटत होते. मी त्यांच्या नावापुढे खूण केली आणि पुढे निघालो.

"पेपर किती वाजता होतो?" त्यांनी मागून विचारलं.

"साडेदहाला."

"हंयचे की थंयचे?"

"थंयचे."

त्यांनी घड्याळ पाहिलं आणि भारताचे अडीच तास वर मिळवले. "म्हणजे सुरू झालो असतलो," म्हणाले, आणि पुढच्या खिळ्याला हातोडीचा पंजा लावला.