पफिनच्या बेटावर उकिडवं

गेल्या आठवड्यात अलास्काच्या एका बेटावर मी चांगली अर्धा तास उकिडवी बसले... आणि मला त्याचा भयंकर अभिमान वाटतोय!

त्याचं असं झालं. माझा मुलगा निनाद अमेरिकेत ॲन आर्बरला असतो. यंदा त्यानं मला आणि नात इराला घेऊन अल्युशियन बेटांची क्रूझ बुक केली.

सगळी ज्वालामुखीची बेटं... झाड औषधालाही नाही, नुसतं गवत आणि मागे धुरकट डोंगर. डेकवरून व्हेल दिसले, खडकांवर लोळणारे सी-लायन दिसले. पण माझा जीव अडकला होता पफिन पक्ष्यामध्ये. केशरी चोचीची, पांढऱ्या तोंडाची ती बटुमूर्ती जवळून बघायची तर रबरी बोटीतून बेटावर उतरायला हवं.

त्या सकाळी मी बूट चढवून तय्यार. बघते तर सगळ्यांना लाइफ जॅकेट, मलाच नाही.

"आई, मी गाइडला कालच सांगून ठेवलंय," निनाद म्हणाला. "बोट खूप हलते, रिस्क नको यार. मी व्हिडिओ काढून आणतो ना."

असा राग आला म्हणून सांगू! त्याचे बाबा गेल्यापासून तो मला लोणच्याच्या बरणीसारखा जपतो. प्रेम आहे, कळतं मला. पण अकोल्याच्या शाळेत जन्मभर पीटी शिकवलेल्या बाईला असं परस्पर बाद करायचं?

सरळ गाइडसमोर जाऊन उभी राहिले. माझं इंग्लिश यथातथाच, पण "आय गो" म्हणायला कितीसं लागतं! तिनं शिडीवरून दोनदा चढ-उतार करून घेतली, बोटीत उतरताना एकमेकांचं मनगट कसं धरायचं ते दाखवलं आणि हसून जॅकेट दिलं.

बेटावर गाइड म्हणाली, खाली बसा, हलू नका. माणूस उभा दिसला की पफिन आपल्या घरट्याच्या बिळापाशी उतरत नाहीत, वरच घिरट्या घालतात. गवत ओलंचिंब... मंडळी कशीबशी गुडघ्यांवर टेकली, पण सारखं कुणीतरी कण्हत उठायचं. निनाद तर बसता बसता मागेच कलंडला.

मी आपली उकिडवी... खो-खोच्या रांगेत पोरींना बसवायचे तश्शी. एकेक जण कंटाळून मागे सरकला, मी हलले नाही.

आणि एक पफिन फडफडत माझ्यापासून चार हातांवर उतरला! चोचीत मासे लोंबताहेत. मान तिरकी करून त्यानं मला नीट बघितलं, आणि तुरुतुरु बिळात शिरला. "आजी, ओ माय गॉड!" इरा मागून कुजबुजली. माझे तर डोळेच भरून आले.

जहाजावर परतल्यावर निनाद म्हणाला, "सॉरी आई. मला वाटलं, तुला जमणार नाही."

"नसतं जमलं तर परत फिरले असते," मी म्हटलं. "पण ते मी ठरवलं असतं."

पोरांनो, आमची काळजी जरूर करा, बरं वाटतं. फक्त आधी विचारत जा... आम्ही शेजारीच बसलेले असतो.