बादलीत बुडलेला पाइप

पक्षाघातानंतर बाबांच्या तोंडी एकच शब्द उरला होता. पाणी. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं आणि हा एवढा शब्द कसा कोण जाणे राहिला. डॉक्टर म्हणाले, असं होतं. म्हणायचं असतं एक आणि तोंडातून बाहेर पडतो तोच उरलेला शब्द. त्यामुळे बाबांचं 'पाणी' कधी पांघरूण असायचं, कधी लघवी, कधी नुसतं 'जवळ बस'. त्यांच्या डोळ्यांवरून मी ओळखायला शिकले होते. निदान मला तसं वाटत होतं.

बाबांनी चाळीस वर्षं लोकांचे फ्रिज आणि एसी दुरुस्त केले. इतवारी बाजारात त्यांचं लहानसं दुकान होतं. आमच्या घरी मात्र कायम कूलर. त्या मे महिन्यात कूलरची दमट हवा त्यांच्या छातीला सोसेना. मी मिहानमधल्या कंपनीतून रजा घेतली आणि त्यांच्या खोलीत एसी बसवून घेतला. एसीचं पाणी बाहेर टाकणारा पाइप गॅलरीत काढला होता. खालच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी पडायला लागलं, म्हणून मी पाइपाखाली बादली ठेवली आणि शिंतोडे उडू नयेत म्हणून पाइपाचं टोक पार तळापर्यंत सोडलं. गॅलरीची खिडकी बाबांच्या खाटेसमोरच होती.

आठवडाभरात एसीच्या आतल्या पेटीतून पाणी गळायला लागलं. भिंतीवरून ओघळ यायचे आणि थेंब थेट बाबांच्या उशाशी पडायचे. सकाळी काही नसायचं. दुपारी जेवणं झाली की सुरू. मी मेकॅनिकला बोलावलं. त्यानं जाळी धुतली. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. मग कामठीचा दुसरा मेकॅनिक आला. त्यानं आधी बादली ओतून बाजूला सरकवली आणि पाइपात हवा मारून त्यातला हिरवा गाळ काढला.

"आता नाही गळत ताई. साफ झाला पाइप," तो म्हणाला.

तो दिवस खरंच कोरडा गेला. रात्री मी बादली पुन्हा जागेवर ठेवली, पाइप नीट आत सोडला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांची उशी ओली होती.

तेव्हापासून बाबा सारखे 'पाणी, पाणी' म्हणायला लागले. डावा हात खिडकीकडे करायचे, बोटं खाली लोंबती सोडायचे आणि मग हात हळूहळू वर न्यायचे. मी म्हणायची, "उठून बसायचं आहे का बाबा?" ते मान हलवून नाही म्हणायचे. मी उशी उंच करून द्यायची. पुन्हा हात खाली, पुन्हा वर. "तहान लागली का?" मी तोटीचा कप ओठांना लावायची. ते ओठ मिटून घ्यायचे.

असे चार दिवस गेले. चादर बदलून बदलून मी थकले होते. ओलीनं त्यांची पाठ लाल झाली होती. एका दुपारी त्यांनी डाव्या हातानं कप उडवून लावला. पाणी त्यांच्याच छातीवर सांडलं. आणि मी ओरडले.

"काहून त्रास देऊन राहिले बाबा? दिवसभर तुमच्याच मागं तर आहो मी. अजून काय करू?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात पोटावर ठेवला आणि मान भिंतीकडे वळवली.

दोन दिवसांनी फरशी पुसायला दुसरी बादली सापडेना, म्हणून दुपारीच मी गॅलरीतली बादली घ्यायला गेले. ती अर्ध्याच्या वर भरली होती. पाइप उचलला तसा आतून गडगड आवाज आला आणि पाण्याची धार लागली. थांबेचना. खोलीत येऊन पाहिलं तर भिंतीवरचा ओघळ थांबलेला. मी परत गेले, टोक पाण्यात बुडवलं. थोड्या वेळानं आत थेंब पडायला लागले. उचललं, थांबले. टोक बुडालं की हवा आत अडकत होती आणि पाणी मागं फिरत होतं. रोज सकाळी मी बादली ओतून एसी लावायची, म्हणून सकाळ कोरडी. कामठीच्या माणसानं बादली सरकवली, म्हणून तो दिवस कोरडा.

बाबांना हे खाटेवरून दिसत होतं. पाइप वर घे, एवढंच ते सांगत होते.

मी तारेनं पाइप कठड्याला उंच बांधला आणि आत जाऊन त्यांच्याजवळ बसले.

"बाबा, पाइप बुडत होता न? तुम्ही हेच सांगून राहिले होते न मले?"

त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. मी त्यांचा डावा हात उचलून खिडकीकडे नेला. सोडला तसा तो चादरीवर पडला.

त्यानंतर ते 'पाणी' म्हणाले नाहीत. तहान लागली तरी नाही. डॉक्टर म्हणाले, आणखी एखादा लहान झटका येऊन गेला असेल. असेलही. मी कप लावला की ते प्यायचे, कूस बदलली की बदलू द्यायचे. खोली गार होती, चादर कोरडी होती. मी रोज त्यांच्याशी बोलायची आणि ते ऐकायचे की नाही, कळायचं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सकाळी साडेनऊला ते गेले. भेटायला आलेले सगळे म्हणत होते की पोरीनं बापाचं खूप केलं, शेवटपर्यंत काही कमी पडू दिलं नाही. मी हात जोडून बसले होते. नजर सारखी गॅलरीत तारेनं बांधलेल्या पाइपाकडे जात होती.