निळी फुलं ठरेनात

साऱ्या निजामाच्या मुलखात सिमल्याच्या सावलीची काळजी करणारा एकच माणूस होता, आणि तो मंठ्यात माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता. तहसील कचेरीतले हे पेशकार परतूरच्या पलीकडे फारसे गेलेले नव्हते. त्यांची एकुलती एक लेक मात्र नवऱ्याच्या नोकरीपायी सिमल्याला जाऊन पडली होती. बायको आधीच गेलेली. लेकीनं एकदा लिहिलं, 'घरामागं देवदारांची दाट सावली आहे. तिथं निळी फुलं लावीन म्हणते. कोणती लावू, बाबा?' झालं! पेशकारांनी कलकत्त्याहून बियाण्यांचं इंग्रजी सूचिपत्र मागवलं, आणि ते वाचून दाखवायला मी, शाळामास्तर, त्यांना आयताच सापडलो.

शंका काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कचेरीतला साधा अर्जही ते तीनदा परत पाठवत. फुलांचं तर विचारूच नका. हायड्रेंजियाचा रंग मातीप्रमाणे बदलतो असं मी वाचलं, तर म्हणाले, "म्हंजे त्याचा भरवसा न्हाई." कोलंबाइनचं फूल खाली झुकलेलं असतं, म्हणून तेही गेलं. "माझ्या पोरीच्या दारात मान खाली घातलेलं फूल? बिलकुल नको!" निळी पॉपी खसखशीच्या जातीतली, हे कळल्यावर तर ते दचकलेच. "जावई सरकारी नोकर हाय, मास्तर. मागच्या दारी अफू लावायला सांगता का?" एकदा ऐन वैशाखात ते भिजलेलं घोंगडं पांघरून लिंबाखाली बसलेले दिसले. "थंडीतली सावली कशी लागती, ते बघून राह्यलो," म्हणाले. त्या उन्हाळ्यात साऱ्या गावात पडसं झालं ते फक्त त्यांना.

अशी तीन वर्षं गेली. दर महिन्याला लेकीचं पत्र यायचं, 'बाबा, ठरलं का?' शेवटी मीच कंटाळलो. त्यांना न विचारता तिला परस्पर लिहून टाकलं, निळा प्रिम्युला लावा, बाबांना पसंत आहे.

प्रिम्युला फुलला. पाकिटातून एक वाळलेलं फूल आलं, सोबत 'छान दिसतात' एवढीच ओळ. पुढच्या महिन्यात पत्र आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. टपालवाला दारावरून गेला की पेशकार उगाच उठून ओसरीच्या खांबाशी उभे राहत. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. फुलं ठरली की तिचं विचारणं संपणार, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

एका संध्याकाळी पेशकार तेच सूचिपत्र घेऊन आले आणि चष्मा पुसत म्हणाले, "मास्तर, निळ्याच्या जोडीला पांढरं बराबर दिसंल, असं पोरीला लिहून राह्यलो. बघा बरं, यात काय काय हाय ते. जल्दी न्हाई."

मी पहिलं पान उघडलं आणि अगदी सावकाश वाचायला लागलो.