सासूबाईंनी ओळखलेलं चर्चचं दार

मंडळी, आज माझी कलेच्या एम.ए.ची तोंडी परीक्षा झाली. ऑनलाइन होती, म्हणून आमच्या गावी सौंदडला घरीच बसले होते.

विषय होता युरोपातली बरोक काळातली, म्हणजे सतराव्या शतकाच्या आसपासची छापचित्रं. चर्चचा उंच घुमट म्हणजे स्वर्ग, हे मी धडाधड सांगितलं. मग परीक्षक मॅडमनी स्क्रीनवर एका चर्चचं चित्र दाखवून विचारलं, "पण या चित्रात दार सताड उघडं का?"

मी चित्र मोठं करून पाहू लागले.

मागे तांदूळ निवडत बसलेल्या सासूबाई स्क्रीनकडे पाहत म्हणाल्या, "अवं, सारे आत यावे मनून! आनखी कायले?"

मॅडम खळखळून हसल्या. "बरोबर! आता तुम्ही समजावून सांगा." मग मला भराभर सुचत गेलं.

पास झाले! सासूबाई शेजारणीला सांगून राहिल्या, "आमी पास झालो."

तुमचं अडलेलं उत्तर घरातल्या कोणी असं दिलंय का?